सासूबाईंनी जिंकलेला पोकरचा कप

सत्तरच्या दशकाची सुरुवात... दिवाळीनंतरचा रविवार, दुपारची वेळ. नगरच्या एका क्लबच्या हॉलमध्ये माझ्या सासूबाई पोकरच्या स्पर्धेची फायनल खेळत होत्या. वय छप्पन्न, नऊवारी, डोक्यावर पदर.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आधी लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. साहेब लोकांचं बघून पोकर शिकले आणि केडगावच्या घरी सासूबाईंना शिकवलं. दोघं चिंचोके लावून खेळायचे. रिटायर झाल्यावर मामंजी या क्लबचं कॅन्टीन बघायला लागले.

त्या वर्षी क्लबने स्पर्धा ठेवली. पैसे नाहीत, नुसत्या रंगीत चकत्या. चकत्या संपल्या की बाद, शेवटी उरेल त्याला कप. नोकरवर्गाच्या घरच्यांनाही खेळायची मुभा होती... येतंय कोण, या भरवशावर दिली असणार.

सासूबाई आल्या. दोन रविवारांत वकील, डॉक्टर, बागायतदार, सगळे बाद. फायनलला खुद्द क्लबचे सेक्रेटरी हरले.

आणि पुढे जे झालं ते आठवलं की आजही डोकं तापतं. सासूबाईंशी कुणी बोललंच नाही. जो तो मामंजींना म्हणत होता, "छान शिकवलंत हो." सेक्रेटरी हसत हसत उठले. "बाईंचं नशीब आज जोरावर होतं. त्यांना आपण एक साडी देऊ. कप मेंबरांतच राहू दे, काय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या...

मी मागच्याच खुर्चीत बसले होते. बी.ए. झालेली सून मी, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पत्ते पुढे सरकवून म्हणाल्या, "नशीब व्हय? मग वाटा की पुन्यांदा. समद्यांदेखत."

सेक्रेटरींना नाही म्हणता येईना. चकत्या पुन्हा निम्म्या निम्म्या वाटल्या. चौथ्या-पाचव्या डावाला सासूबाईंनी पानं टाकून दिली, तीही उघडी करून. दोन एक्के, दोन राजे. हॉलमध्ये कुजबुज झाली... असली पानं कोण टाकतं?

"सायबांकडं तीन सारखी हायेत," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी पानं उलटली. तीन गुलाम. पोकरमध्ये दोन जोड्यांपेक्षा तीन सारखी पानं वरचढ. "कसं ओळखलंत?"

"चांगली पानं आली की तुमी माझ्याकडं बघतच न्हाई. छताकडं बघता."

त्यानंतर त्या गृहस्थांना कुठे बघावं तेच कळेना. अर्ध्या तासात त्यांच्या चकत्या संपल्या. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

सेक्रेटरींनी कप उचलला आणि तो द्यायला गेले कुणाला, तर मामंजींना. मामंजींनी हात मागे घेतले. "शिकवलं मी, खरं हाय. पर सात-आठ वर्सं झाली, मला एकदा बी जिंकू दिलं न्हाई हिनं. तिचा हाय, तिला द्या."

सासूबाईंनी कप घेतला. "साडी ऱ्हाऊ द्या, घरी लई हायेत," एवढंच म्हणाल्या. टांग्यात बसल्यावर मात्र कप मांडीवर घेऊन थेट केडगावपर्यंत स्वतःशीच हसत होत्या.

पुढची दोन वर्षंही त्याच जिंकल्या. तिसऱ्या वर्षी नवा नियम निघाला... स्पर्धा फक्त मेंबरांसाठी. हरवता आलं नाही, म्हणून दार लावून घेतलं. सासूबाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. माझाच संताप अजून गेलेला नाही.

आता मी स्वतः पंच्याहत्तरीत आहे. मुलं म्हणतात, जुनी गोष्ट आहे, सोडून दे. कशी सोडू? त्या हॉलमधल्या लोकांपेक्षा मला माझाच राग जास्त येतो... मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले.

सासूबाई, तेव्हा बोलायचं राहून गेलं ते आज चारचौघांत लिहितेय. ते नशीब नव्हतं.