राखाडी चावी

नवऱ्याचे हात ग्रीसनं माखलेले असत, म्हणून पुस्तक मी वाचायचे. गराजच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर आमच्या जुन्या गाडीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक घेऊन बसायचे. इंग्रजी वाक्य आधी मनात वाचायचं आणि मग मराठीत मोठ्यानं सांगायचं. "इंजिनाला खालून आधार दिल्याशिवाय वरचा बोल्ट सैल करू नये." चाकाजवळून आवाज यायचा, "पुढं?" मी पुढं वाचायचे. मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी करते. लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते. पण गराजमध्ये लाभला तसा श्रोता मला तिथे कधी मिळाला नाही.

घरी गाडी बांधायची ही त्याची पन्नाशीनंतरची हौस. आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउससमोर एक दिवस ट्रक थांबला आणि त्यातून लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचे भाग आणि खोकीच्या खोकी उतरली. अशा गाडीचं सामान विकत मिळतं, पण इंजिन त्यात नसतं. ते दुसऱ्या कुठल्या गाडीतून काढून आपणच बसवायचं. आमची या देशातली पहिली नवी गाडी, चांदीच्या रंगाची साधी सेडान, तेव्हा मागून ठोकर बसून मोडली होती. इंजिन मात्र शाबूत होतं. ऑफिसातले सगळे त्याला म्हणाले, या दोन सीटच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन टाक. त्यानं कुणाचं ऐकलं नाही.

"अगं, या इंजिननं आपली मुलगी हॉस्पिटलातून घरी आणली," तो मला म्हणाला. "त्याला आता भंगारात घालू?"

सेडानमध्ये जे पुढं होतं ते या गाडीत सीटच्या मागं बसणार होतं. त्यामुळे सगळंच बदलावं लागलं. इंजिन धरून ठेवणारे ब्रॅकेट नव्यानं केले, गिअरच्या केबल लांबवल्या, पाण्याच्या नळ्या मागून थेट गाडीच्या नाकातल्या रेडिएटरपर्यंत नेल्या. वायरींचा तर मोठा भाराच निघाला. नको त्या वायरी वेगळ्या करताना तो प्रत्येकीवर कागदी टेप चिकटवून मराठीत लिहायचा. 'पंख्याची.' 'पेट्रोलच्या पंपाची, हात लावू नये.' 'ही कशाची? बघू.'

सेडानचा उरलेला सांगाडा न्यायला भंगारवाला आला तेव्हा यानं सकाळी अंघोळ करून गाडीची पूजा केली. घेतली तेव्हा केली होती, मग निरोप देताना का नको, असं त्याचं म्हणणं. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. खोबऱ्याचा तुकडा आणि गाडीची चावी त्यानं दोन्ही हातांनी त्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवली. ड्रायव्हर बिचारा गोंधळून दोनदा थँक यू म्हणाला. मी हसत होते आणि याचे डोळे भरून आले होते. मुलगी सासरी पाठवल्यासारखा ट्रक वळेपर्यंत रस्त्यात उभा होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो गेला. इंजिन जागेवर बसलं होतं, बरंचसं जोडून झालं होतं. सुरू करून पाहायचं तेवढं राहिलं.

सुतकात देव बंद होते. सुतक फिटल्यावर मी ते उघडले नाहीत. लाल कापडात गुंडाळलेले देव तसेच देव्हाऱ्याच्या खणात राहिले. वाचनालयातून आले की मी गराजमध्ये जायचे, खुर्ची टाकायचे आणि खूण घातलेल्या पानापासून पुढं वाचायचे. मोठ्यानं. मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मुलीला वाटलं. ती सिॲटलहून आठवडाभर आली होती.

"आई, यू आर रीडिंग टू अ कार," ती म्हणाली. मग जवळ येऊन बसली. तिनंच ती अर्धवट गाडी घेणारा माणूस शोधला. शनिवारी तो ट्रेलर घेऊन येणार होता. फोनवर मी त्याला इंजिनाचं विचारलं. तो सज्जनपणानं म्हणाला, सांगाडा छान आहे, पण ते इंजिन मी काढून टाकणार, माझ्याकडे चांगलं आहे.

मी मुलीला सांगितलं, "शनिवारच्या आत आपलं इंजिन सुरू झालं तर गाडी द्यायची नाही."

"अँड इफ इट डझन्ट?"

"तर देऊ. मग मी गराजमध्ये बसणार नाही."

तिनं हात पुढं केला. बापाची सवय, करार झाला की हात मिळवायचा.

नवऱ्याचा इथलाच, मूळ नागपूरचा मित्र शुक्रवारी सुट्टी घेऊन आला. कॉलेजपासूनचा. आल्या आल्या वायरींवरच्या, अवजारांवरच्या टेप वाचत सुटला आणि एकटाच हसत राहिला. "वहिनी, हे पाहा. 'नवीन पाना आणणे, हा नागपूरकराने बोथट केला.' मेल्यावरही टोमणे मारतो हा माणूस!" बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मग मी हसले, तेव्हा तोही हसला.

मी खुर्चीवर बसून वाचत होते, मित्र, म्हणजे आमचे भाऊजी, गाडीखाली होते. तेल भरलं. पाणी भरलं, नळ्यांतली हवा काढली. बॅटरी जोडली. नवऱ्यानं चावीऐवजी एक लाल बटण बसवलं होतं, रेसच्या गाडीला असतं तसं. ते दाबण्याचा मान मुलीला दिला.

इंजिन फिरलं, पेटलं. मी तो आवाज ओळखला. संध्याकाळी स्वयंपाकघरात असताना ड्राइव्हवेतून यायचा तोच, किंचित खरखरता. मी उठून उभी राहिले आणि तेवढ्यात तो थांबला.

पुन्हा बटण. पुन्हा पेटलं, दोन-तीन सेकंदांत बंद. कितीदा तरी तसंच झालं. भाऊजींनी पेट्रोल तपासलं, प्लग तपासले.

"काहून बंद पडतं बे?" ते इंजिनालाच विचारत होते. डॅशबोर्डवर एक लहानसा दिवा लुकलुकत होता, चावीच्या आकाराचा. त्याचं चित्र मी पाहिल्याचं मला आठवलं. पानं उलटून शोधलं आणि वाचलं. "चावीच्या मुठीत चिप असते. कुलपाभोवतालच्या रिंगला ती चिप ओळखीची वाटली नाही, तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते."

भाऊजींनी वायरींच्या गठ्ठ्यात हात घालून एक काळी प्लास्टिकची रिंग ओढून काढली. तिच्यावर टेप होती. 'ही रिंग कशाला? असू दे.'

"रिंग आहे, यार. चावी कुठंय?"

एक चावी मुलीनं कॉलेजात असताना समुद्रावर हरवली होती. दुसरी खोबऱ्याबरोबर गेली होती. मी ते सांगितलं तेव्हा भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला. "गाडीला निरोप दिला अन् तिचा जीव पण देऊन टाकला. वहिनी, गाडीच्या कॉम्प्युटरचं लॉक काढून देणारे लोक आहेत, पण तो पाठवून परत यायला आठवडे लागतील."

"तो ट्रेलरवाला उद्या येतोय," मुलगी हळूच म्हणाली. तिला जिंकायचं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "काका, एनी अदर वे?"

मी पुस्तक मिटायच्या आधी ते पान शेवटपर्यंत वाचलं, सवयीनं. "नवीन गाडीबरोबर तीन चाव्या दिल्या जातात. दोन काळ्या, एक राखाडी."

राखाडी. गाडी घेतली त्या दिवशी पूजेत ठेवलेली. काळ्या दोन आम्ही वापरायला घेतल्या आणि ती देवाची म्हणून देव्हाऱ्यातच राहिली. दर दसऱ्याला नवरा तिला अवजारांच्या शेजारी मांडून गंधफूल वाहायचा. इतकी वर्षं ती देवांत बसली, की तिनं गाडी सुरू होते हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

मी वर गेले. हात धुतले. खणातून लाल कापड काढलं आणि गाठ सोडली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, आणि त्यांच्यात ती, हळदीनं पिवळी पडलेली, खाचांत कुंकू भरलेली. तिला उचलण्याआधी मी समई लावली. दुसरं काही सुचलं नाही.

"बॅटरी गेली असेल ना तिची?" मुलीनं विचारलं.

"चिपला बॅटरी नसते, बेटा," भाऊजी म्हणाले. त्यांनी चावी रिंगमध्ये धरली. रिंग मी खालून धरली. मुलीनं बटण दाबलं.

पेटलं. दोन सेकंद झाले, तीन झाले. दिवा विझला. इंजिन चालत राहिलं.

भाऊजींनी बाहीनं तोंड पुसलं, तेव्हा गालभर ग्रीस लागलं. मुलीनं आत जाऊन त्या माणसाला फोन केला. तिचं "आय ॲम सो सॉरी" मला ऐकू आलं आणि त्यात सॉरीचा सूर मुळीच नव्हता.

निघताना भाऊजी म्हणाले, "ही चावी रिंगला टेपनं पक्की चिकटवून टाकतो. म्हणजे कटकट नाही."

मी नको म्हटलं. ती रोज परत देव्हाऱ्यात जाते. गाडी सुरू करायची म्हणजे आधी वर जायचं, देवांपाशी दिवा लावायचा आणि चावी मागून घ्यायची. अजून गाडीला दारं नाहीत, काच नाही, कागदपत्रांचं सगळं व्हायचंय, तेव्हा मी ती फक्त गराजमध्ये चालू करते आणि गराजचं दार उघडं ठेवून गाडीत बसते. आवाज आता पाठीमागून येतो, तेवढाच फरक. पुस्तकात अजून बरीच पानं आहेत.