चेअरमनांनी सूत्रे सोपवली

कुणाच्या दारात नवी चप्पल दिसली की चेअरमन थांबलेच. "पाहुणे का? कुठले? मुक्काम किती?" उत्तर मिळेपर्यंत हलत नसत. कोथरूडची आमची सोसायटी उभी राहिली तेव्हापासून तेच चेअरमन होते. त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक.

त्या वर्षी सभासदांनी त्यांच्या जागी मला निवडलं. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. निवडीचा मला अभिमान वाटला आणि तो मी लपवलाही नाही. चेअरमन म्हणाले, "अभिनंदन. पंपाची किल्ली देतो सावकाश. घाई नाही ना आपल्याला?" ती काही मिळेना.

तेवढ्यात त्यांच्या पुतण्याची पुण्याजवळच्या एका नौदल प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. पदग्रहण समारंभाला त्यांनी मलाही सोबत नेलं. वाटेत प्रश्न सुरूच. "इथं समुद्र कुठंय? जहाजं काय खडकवासल्यात सोडतात?"

संचलन झालं. मावळत्या प्रमुखांनी आणि पुतण्यानं एकमेकांना सलाम केला, आणि पदभार बदलला. चेअरमनांनी मला कोपरानं ढोसलं. "एवढंच? कुणाची हरकत-बिरकत नाही?"

मग मावळत्या साहेबांना फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बसवलं आणि त्यांचे अधिकारी ती दोरखंडांनी ओढू लागले. चेअरमनांनी शेजारच्या तरुण अधिकाऱ्याला गाठलं.

"गाडी बिघडली का हो?"

"नाही काका, निरोपाची पद्धत आहे. फाटकापर्यंत आम्हीच ओढत नेतो."

"आणि उद्या साहेबांना राहवलं नाही, आले परत हुकूम सोडायला, तर?"

"नाही येत, काका."

"का?"

"नव्या साहेबांना अवघड होईल ना."

परतताना चांदणी चौकापर्यंत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला काळजीच वाटली.

संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, किल्ली हातात ठेवली आणि कडक सलाम ठोकला. मग स्कूटरवर ताठ बसून म्हणाले, "ओढा." कपडे वाळत घालायची दोरी बांधून मी त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. गॅलऱ्यांतून लोक हसत होते. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू होईना. मी घामाघूम. वरून एक काकू ओरडल्या, "अहो चेअरमन, पाणी नाही!"

ते गॅलरीतच उभे होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "चेअरमन खाली आहेत. त्यांना विचारा."

आणि पंप सुरू होईपर्यंत दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून तिथंच उभे राहिले.