शेऱ्याची कोरी ओळ

माझ्या वहिनींना धक्क्यावर सगळे अंदाजबाई म्हणतात. तोंडावर नाही; तोंडावर नुसतं 'बाई', कारण वहिनींना थट्टा कळते, पण पचत नाही. मला मात्र सूट आहे. मी त्यांचा धाकटा दीर, तळ्यावर लाँच चालवतो, आणि माझ्या नाकावरचा राग त्यांनी सव्वीस वर्षं सहन केला आहे. ''भावजी, आज दुपारनंतर तुमचं डोकं तापण्याची शक्यता,'' असं त्या चहा ठेवताना म्हणतात, आणि दुपारनंतर ते तापतंच.

वहिनी हवामान केंद्रात निरीक्षक आहेत. केंद्र म्हणजे धक्क्याच्या टोकाशी एक खोली, एक टेबल, भिंतीवर वायुभारमापक आणि बाहेर जाळीच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक. सकाळी सातला त्या दोरीने बादली सोडून तळ्याचं पाणी काढतात, ते किती तापलंय ते बघतात आणि सगळे आकडे फोनवरून मुख्य कार्यालयाला सांगतात. आठला तिकडून अंदाज येतो. तो त्या बाहेरच्या फळ्यावर उतरवतात, शब्द इकडचा तिकडे न करता. फळ्याच्या तळाशी एक ओळ मात्र त्यांची स्वतःची असते. तिला 'स्थानिक शेरा' म्हणतात.

मुख्य कार्यालय दोनशे किलोमीटरवर आहे आणि तिथल्या साहेबांनी आमचं पाणी फक्त नकाशात पाहिलेलं आहे. त्यामुळे आम्ही लाँचवाले वरचं काही वाचतच नाही. थेट तळाशी बघायचं. 'तीननंतर पलीकडे जाऊ नये', 'खिंडीकडून झोत येईल', असं काही असलं तर थांबायचं. ओळ कोरी असली तर हरकत नाही, दोर सोडायचा. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण धक्क्यावर सगळे हेच धरून चालत.

उन्हाळा संपत आला की वहिनींचा पाय एका जागी ठरत नाही. महिनोन्‌महिने तापलेलं पाणी आणि डोंगरातल्या खिंडीतून कधीही घुसणारी गार हवा. दोघांची गाठ पडली की तळं वेडंपिसं होतं. त्या दिवसांत वहिनी जेवता जेवता उठून खिडकीशी जातात. वाळत घातलेल्या कपड्यांना तीनतीनदा हात लावून येतात. ''अहो, मानेला गार लागलं का हो काही?'' असं दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, विचारतात. दादा तिकीट खिडकीवर बसतो. त्याला कधीच काही लागत नाही. सुखी माणूस आहे.

यंदा त्यांनी ओळीने तीन दिवस शेरा लिहिला: 'लाँच सोडू नयेत.' आणि तीन दिवस तळ्यावर झुळूक म्हणून आली नाही. सुट्टी संपवून घरी निघालेले लोक बॅगा घेऊन धक्क्यावर ताटकळले आणि आम्हाला तोंडाला येईल ते बोलले. चौथ्या दिवशी आम्ही मुख्य कार्यालयाला अर्ज केला, की बाईंचे शेरे अंदाजपंचे असतात, ते बंद करावेत. 'अंदाजपंचे' हा शब्द मीच सुचवला. खाली सात सह्या, त्यातली चौथी माझी. घरी मी याबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी त्यांच्याच हातचा चहा पीत होतो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

दहा-बारा दिवसांनी, एका शनिवारी, फळ्यावर होतं: 'येते दहा दिवस हवामान कोरडं. दुपारचं तापमान सरासरीपेक्षा दोन अंश जास्त. वारे हलके.' तळाची ओळ कोरी. मनात म्हटलं, चला, बाई सुधारल्या! साडेअकराला भोंगा दिला आणि त्रेचाळीस माणसं घेऊन निघालो. पलीकडच्या काठाला दीड तास लागतो. तिथून त्यांची आगगाडी होती.

हवा अगदी पडलेली. पाण्यावर सुरकुती नव्हती, शर्ट पाठीला चिकटला होता. पलीकडचे डोंगर रोजच्यापेक्षा जवळ दिसत होते, झाडं मोजता यावीत इतके. मला ते आवडेना. का आवडेना ते सांगता येईना, म्हणून मी वाटेत बॅग ठेवणाऱ्या एका गृहस्थांवर खेकसलो. इंजिनाचा आवाज नीट असूनही दोनदा खाली वाकून बघितलं. फोनला तळ्यावर रेंज नसते, तरी खिशातून काढून पाहिला. ओळ कोरी होती ना? होती. मग कशाला जीव वरखाली करून घेतोस? असं स्वतःला बजावत होतो आणि सारखा मागे वळून बघत होतो.

बाराच्या सुमारास दुर्बीण लावली. धक्क्याच्या खांबावर लाल बावटा चढलेला! लाल म्हणजे सगळ्यांनी परत फिरायचं. माझं डोकंच भडकलं. झालं, पुन्हा सुरू! मग नीट पाहिलं. माझ्या लाँचवरचं निशाण ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं, आणि तिकडचा बावटा मात्र ताठ. वारा नसताना बावटा ताठ कसा? केंद्राच्या छपरावर कुणीतरी उभं होतं. बावट्याच्या टोकाला दोरी बांधून, ती दोन्ही हातांनी मागे ओढून धरली होती, लांबून लाल चौकोन दिसावा म्हणून. गुडघे दुखतात म्हणून घरातला जिना टाळणारी माझी वहिनी, भर उन्हात, छपरावर.

 बावटा मुख्य कार्यालयाच्या हुकमाशिवाय चढवता येत नाही. हुकूम आला असता तर वहिनींनी नियमाप्रमाणे बावटा चढवला असता आणि खाली वहीत वेळ लिहीत बसल्या असत्या. ज्या बाईने साहेबांच्या अंदाजातला स्वल्पविराम कधी हलवला नाही, ती छपरावर चढली होती, म्हणजे हुकूम आलेला नव्हता.

मी चाक फिरवलं.

''अहो, आमची गाडी चुकेल!'' बॅगवाले गृहस्थ ओरडले.

''चुकू दे! बसा खाली!''

''वारा कुठाय? दाखवा की!''

दाखवणार काय, कपाळ? अर्धा तास मी शिव्या खात होतो आणि तळं तसंच निपचित पडलेलं. वारा आला नाही तर तोंड कुठे लपवू, हा एकच घोर. खोटं कशाला सांगू, लाँच परत पलीकडे वळवावी असंही एकदा वाटलं.

साडेबाराला दोर बांधला. शेवटचा माणूस उतरून दहा मिनिटं झाली नाहीत तोच खिंडीकडून पाणी काळं पडत आलं. पुढचं धड दिसलंच नाही. जाळीची पेटी उडून गेली, बांधलेल्या दोन होड्या धक्क्यावर आपटून फुटल्या, धक्क्यावरच्या दिव्यांपर्यंत पाणी उसळलं. वळलो नसतो तर तेव्हा आम्ही पलीकडच्या काठापासून वीस मिनिटांवर, उघड्या पाण्यात असतो. बॅगवाले गृहस्थ तिकीट खिडकीच्या आडोशाला माझ्या शेजारीच उभे होते.  मुख्य कार्यालयाचा इशारा सव्वाला आला.

सोमवारी वहिनींना पत्र आलं: हुकमाशिवाय बावटा चढवल्याबद्दल लेखी खुलासा करावा. कार्यालयाचा कागद घरात आणायचा नाही हा त्यांचा नेम, पण दोरीने उजव्या तळव्याची सालटं निघाली होती, पेन धरवत नव्हतं. दादाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. म्हणून लिहायला मी बसलो.

''लिहा,'' वहिनी म्हणाल्या. ''गुरुवारच्या आदेशानुसार शनिवारी स्थानिक शेरा लिहिला नाही.''

माझा हात थांबला. ''कसला आदेश?''

''शेरा बंद करण्याचा. तुम्हा लोकांच्या अर्जावर आला तो. पुढे लिहा. कोरी ओळ म्हणजे हरकत नाही असं लाँचवाले धरतात, हे मला माहीत होतं. वायुभार सकाळपासून उतरत होता, हेही दिसत होतं. तरी आदेश म्हणून गप्प बसले. भोंगा ऐकल्यावर भान आलं. चूक माझी आहे.''

''हे मी लिहिणार नाही.''

''लिहा. खरं आहे ते.''

''वहिनी, त्या अर्जावर माझी सही आहे.''

''चौथी,'' त्या म्हणाल्या. ''प्रत आली होती मला.''

''मग बोलला का नाहीत?''

''काय बोलू? तीन दिवस वारा आला नव्हता. तुमचं बरोबरच होतं.''

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

''एक विचारू?'' त्या म्हणाल्या. ''शनिवारीही वारा आला नसता, तर पुन्हा सही केली असतीत?''

खोटं बोलायला जीभ वळेना. ''केली असती.''

''मग तेही लिहा. खाली, तुमच्या सहीने. आणि एवढं असून लाँच का वळवलीत, ते लिहा.''

 वायुभार मला माहीत नव्हता, वारा दिसला नव्हता, हुकूम नव्हता. शेवटी जे होतं तेवढंच लिहिलं: बाई छपरावर उभ्या होत्या.