जब्बारभाईची गाठींची दोरी

हल्ली माझ्या मोबाईलवर बातम्यांचे सतरा ग्रुप आहेत. दिवसभर टिंग टिंग, डोक्याला नुसता वैताग! अन् तरी संध्याकाळचे साडेपाच वाजले की माझा जीव स्टँडकडं ओढतो, पिशोर गाडीकडं. पेपरातून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण खोड काही जात नाही.

त्या गाडीच्या ड्रायव्हरकडं जब्बारभाईचं बातम्यांचं पाकीट असायचं. जब्बारभाई आमचा पिशोरचा वार्ताहर. सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान, अन् उरल्या वेळात बातम्या. पेपराच्या शहागंजातल्या कचेरीतून शिपाई पाठवता आला असता, पण ते पाकीट मी स्वतः आणायचो.

त्याची एक तऱ्हा होती. पाण्याची बातमी लिहायची तर गडी आधी विहिरीवर जायचा. दोरीला दगड बांधलेला, हाताहातावर गाठी. दोरी तळाला सोडायची, भिजलेल्या गाठी मोजायच्या, मग लिहायचं, 'सारजाबाईच्या वस्तीवर साडेतीन हात. मागच्या सोमवारी चार.' बाकीचे 'भीषण टंचाई' लिहून मोकळे! मी चिडवायचो, "काय दोरीवाले, आज किती गाठी?"

"अंगदराव, विहीर झूट बोलत नाय," तो म्हणायचा. "माणसाचं सांगता येत नाय."

सोळा सालच्या दुष्काळात, ऐन मे महिन्यात ग्रुपवर एक फोटो पडला. विहिरीपाशी टँकर, हंडे घेतलेल्या बाया. खाली कुण्या पुढाऱ्यानं लिहिलेलं, सारजाबाईच्या वस्तीला टँकर सुरू. मी जब्बारभाईला फोन लावला.

"थांबा साहेब. सारजाबाई कालच भेटली, टँकरसाठी अर्ज घेऊन हिंडतीय बिचारी. सकाळी दोरी टाकून येतो, मग सांगतो."

सकाळी! तोवर दुसऱ्यांच्या पेपरात आलं असतं. मी फोटो छापला. अन् हाताच्या सवयीनं वर टाकलं, 'पिशोर (वार्ताहर)'. पिशोरची प्रत्येक बातमी तशीच जायची. त्या मुलखात वार्ताहर म्हणजे जब्बारभाई, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

फोटो भलत्याच गावचा निघाला, तोही जुना. सारजाबाई अर्ज घेऊन तहसीलला गेली तर तिथल्या कारकुनानं तिच्यापुढं आमचंच कात्रण धरलं, "पेपरात आलंय की, बाई. टँकर चालू आहे." तेच कात्रण घेऊन ती जब्बारभाईच्या दुकानात आली. "भाऊ, तुमच्याच नावानं छापलंय. आता म्या कुणाला सांगू?"

मी दोन बोटांचा खुलासा छापला. टँकर बाराव्या दिवशी आला. तोवर वस्ती उठली होती. सारजाबाई मेंढरं विकून शहराकडं, बजाजनगरला गेली अन् नव्या बिल्डिंगांच्या भिंतींवर पाणी मारायच्या कामाला लागली.

जब्बारभाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाकीट तेवढं बंद झालं. मी मात्र कितीतरी दिवस स्टँडवर जाऊन त्या ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघत उभा राहायचो.

मागच्या महिन्यात राहवलंच नाही, पिशोर गाठलं. त्याच्या बायकोनं, शहजादीभाभींनी चहा दिला. जब्बारभाईनं तब्येत विचारली, माणसानं पाहुण्याला विचारावी तशी.

"जब्बारभाई, पुन्हा लिहा हो. पेपरासाठी नाही, मलाच पाठवा. तुमच्या पाकिटाची फार आठवण येते."

तो उठला, खुंटीवरची दोरी काढून त्यानं माझ्या हातात दिली. "सारजाबाईच्या वस्तीवर एकदा तुम्हीच टाकून या."

"वस्तीची वाट कुठून?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "वीस वर्षं छापलं, साहेब. अन् वाट माहीत नाय?"

माझी मान खाली गेली. मोबाईलच्या नकाशात शोधलं, तर तिथं वस्तीच नव्हती. शेवटी त्यानंच कागदावर वाट काढून दिली. सोबत मात्र आला नाही.

टेकडी चढताना धाप लागली. वर घरांची छपरं गेलेली, चुलींत गवत उगवलेलं. जन्मात पहिल्यांदा विहिरीत दोरी सोडली, वर ओढली, ओल्या गाठी एकेक करून मोजल्या.

"सारजाबाई, नऊ हात पाणी!" मी मोठ्यानं ओरडलो.

ओ द्यायला वस्तीवर कुणीच नव्हतं.