उशिरा गेलेली मुराळी

दिवाळीला सासरच्या लेकीला आणायला माहेरचं जे माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक घरांत हे काम भावाचं असतं. आम्हाला भाऊ नाही, आम्ही दोघी बहिणीच. म्हणून ताईच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला वडील, म्हणजे आमचे आबा, एकटे गेले आणि दुसऱ्या दिवाळीला त्यांच्यासोबत मी गेले.

आमचं गाव फुलंब्रीजवळ आणि ताई फर्दापूरला. दाजींच्या घरचं रस्त्यालगत जेवणाचं हॉटेल आहे, लेणी बघायला येणारे लोक तिथं थांबतात. अंतर फार नाही, एकाच गाडीत जाता येतं.

त्या दुसऱ्या वर्षी ताईला आणि तिच्या नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही सकाळीच रस्त्यावर उभे राहिलो. जळगावकडून येणाऱ्या गाड्या भरूनच येत होत्या. काही तर थांबतही नव्हत्या. एक थांबली. आबांनी जागा धरायला खिडकीतून आपली दस्ती आतल्या सीटवर टाकली, पण दारात इतकी माणसं लोंबकळत होती की लेकराला घेऊन ताईला पायरीवर पाय ठेवता येईना. गाडी निघून गेली. आबांचा तो हातरुमाल तेवढा बसून संभाजीनगरला गेला. दुपार कलली, उन्हानं लेकरू रडून रडून लाल झालं, तेव्हा ताईच म्हणाली की राहू द्या आबा. तिला परत सासरी सोडून आम्ही दोघं कसेबसे उभ्यानं घरी आलो. त्यानंतर वर्षभर आई आबांना ऐकवायची, "दस्तीला बरी जागा भेटली, माझ्या लेकीला नाय भेटली."

पुढच्या वर्षी मी शहरात कॉलेजला होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत घरी निघाले तेव्हा बसस्थानकावर दोन तास उभी होते. चौकशीच्या खिडकीत विचारलं, ही गर्दी कधी कमी होते हो? आतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं की पांडवपंचमी होऊ द्या, मग झोपून जा.

ते वाक्य मी घरी घेऊन आले. भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत करता येते, हे आईच सांगायची. मग ताईला पंचमीनंतरच आणलं तर काय बिघडतं, असं मी चाचरत म्हणाले.

"दिवे गेल्यावर दिवाळी करायची व्हय?" आई म्हणाली.

आबा म्हणाले की शिकतीय ती, विचार करूनच म्हणत असंल. मला ते ऐकून बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली. मी काही फार विचार केला नव्हता.

आता हे ताईला कळवायचं होतं. तिला सांगायची माझी हिंमत होईना, म्हणून मी फोनवर दाजींनाच सांगितलं की गर्दी फार असते, दिवाळीत येत नाही, पंचमीनंतरच्या बुधवारी न्यायला येते. त्यांच्या मागं ताटांचा आवाज येत होता, गिऱ्हाइकं बोलत होती. ते बरं बरं म्हणाले. त्यानंतर ताईचा फोन आला नाही. पाडव्याला नाही, भाऊबीजेलाही नाही. मी स्वतःची समजूत घालत होते की तिला हॉटेलात काम असेल. आईनं उटण्याची पुडी फोडली नव्हती. ती दिवाळीभर तशीच भिंतीतल्या देवळीत राहिली.

बुधवारी आबा कापूस वेचणीत अडकले होते, म्हणून मी एकटीच निघाले. गाडी खरोखर रिकामी होती. खिडकीजवळची जागा मिळाली, पण मला तिचा आनंद काही घेता आला नाही.

हॉटेलात ताईची सासू एकटीच डाळ निवडत बसली होती. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. "मुराळी आता उगवली व्हय? आमचा आकाशकंदील बी उतरला," त्या म्हणाल्या, आणि हसून चहा ठेवायला उठल्या. सुट्ट्यांत इतकं गिऱ्हाईक होतं की ताईला सोडणं जडच गेलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. माझा जीव थोडा खाली पडला.

ताई मागच्या खोलीत होती. मला बघून ती दारातच थांबली. "तू?" एवढंच म्हणाली. मग पिशवी काढून भरायला लागली.

"ही पिशवी मी चतुर्दशीलाच भरली होती," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "हे म्हणाले, यंदा कुणी न्यायला येत नाय. भाऊबीजेला रिकामी केली."

दाजी दारात उभे राहून मान खाजवत होते. गिऱ्हाइकांच्या गडबडीत त्यांच्या लक्षात पहिला निम्मा निरोप राहिला होता. बुधवार ते विसरून गेले होते. पण त्यांना काय बोलणार?

"चूक माझी हाय," मी म्हणाले. "तुला सांगायला भ्याले."

"कशाला?"

"तू रडशील म्हणून."

"रडलेच की," ती म्हणाली, आणि लेकीचं झबलं माझ्या हातात दिलं. "घडी घाल."

परतीच्या गाडीत सातआठ माणसं होती. कंडक्टर म्हणाला, कुठंही बसा, गाडी तुमचीच. भाची आता चांगली चालायला लागली होती, ती सीटा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. अजिंठ्याचा घाट चढताना कंडक्टरनंच तिला धरून मांडीवर घेतलं. ताईनं चपला काढल्या, पाय वर घेतले. सिल्लोड यायच्या आत ती माझ्या खांद्यावर झोपली होती. आळंदला जागी झाली, बाहेर बघितलं आणि म्हणाली की यष्टी अशी बी असती, हे ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं उटण्याची पुडी फोडली. संध्याकाळी दारात पणत्या लावल्या. शेजारच्या मुस्लिम घरातल्या खालांनी विचारलं, आज काय हाय? आई म्हणाली, "आमची दिवाळी हाय." दिवे गेल्यावरची, असं ती म्हणाली नाही. ताईनं आबांना ओवाळलं आणि नवी दस्ती दिली. ती घेऊन आबा शेजारी दाखवायला गेले.

आठ दिवस राहून ताई परत निघाली. सोडायला मीच गेले. त्याही गाडीत बसायला भरपूर जागा होती. फर्दापूरला उतरल्यावर तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली.

"पुढच्या वर्षी बी गर्दी गेल्यावरच ये," ती म्हणाली. "पण फोनवर मला बोलावून घे. मलाच सांग."

आता तसंच करते. फोन दाजी उचलतात, आणि मी म्हणते, ताईला द्या.