फोरमनकाकांनी बांधलेली वेणी

रविवारी सकाळी फोरमनकाकांचा फोन आला. "बाला, गाना लावलाच नाय मी, तरी ह्यो तापतोय. हात नाय ठेववत."

त्यांचा जुना, लाकडी पेटीतला ॲम्प्लिफायर दुरुस्त करून मी सालवडला त्यांच्या घरी पोचवला, त्याला आठवडाही झाला नव्हता. लाज वाटली, पण खरं सांगतो, त्याहून जास्त कुतूहल वाटलं. काही न वाजवता हा तापतो कशाने?

तारापूरच्या कारखान्यात मला पॅनेलचं वायरिंग काकांनीच शिकवलं. मूळचे मुरबे गावचे, मासेमारीची जाळी विणणाऱ्या घरातले. पॅनेलमधल्या सगळ्या वायरी एकत्र धरून, मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारायची, आणि तीही जाळ्याची, न सरकणारी, हा त्यांचा नियम. या बांधणीला आम्ही वेणी म्हणायचो. एक गाठ ढिली दिसली की अख्खी वेणी कापून पुन्हा घालायला लावत. दुसरा नियम लॉगशीटचा. मीटर दाखवेल तेच लिहायचं, आपली चूक असली तरी.

निवृत्तीनंतर त्यांचे हात कापायला लागले. गेल्या वर्षी घरच्यांनी काळजीपोटी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. तेव्हापासून काका गाणी ऐकत बसायचे, आणि ॲम्प्लिफायर बंद पडल्यावर नुसतेच बसायचे.

त्याचे आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळले होते. जुने मिळत नाहीत, म्हणून नवीन घातले. इथे पाम गावात, माझ्या घरच्या टेबलावर तो तासन्‌तास थंडगार चालला. सालवडला नेला तेव्हा झाकण अजून उघडंच होतं. काकांनी आत डोकावून पाहिलं. "ह्या वायरी अशाच सोडनार?"

मी दोऱ्याचं रीळ त्यांच्या हातात दिलं. दोन तास लागले त्यांना. बोटं थरथरत होती, दोरा तीनदा सुटला, पण गाठ बसली की बसलीच. सून चहा घेऊन आली ती दारातच थांबून बघत राहिली. मी झाकण लावलं, दोन गाणी ऐकली. पेटी जरा कोमट लागली, तिकडे दुर्लक्ष केलं. त्या दिवशी फार खूश होऊन घरी आलो होतो.

आता तोच ॲम्प्लिफायर पुन्हा माझ्या टेबलावर होता. न वाजवता तापतो म्हणजे तो काहीतरी वाजवतोय, फक्त आपल्या कानाच्या पट्टीबाहेरचं, असा माझा अंदाज. ते बघायला लागणारं महागडं यंत्र माझ्याकडे नाही. मग खिशातला रेडिओ शेजारी ठेवून दोन स्टेशनांच्या मधे काटा आणला. रेडिओ किंचाळला. ॲम्प्लिफायर बंद केला, रेडिओ गप्प. मी एकटाच हसलो.

पहिला संशय नव्या ट्रान्झिस्टरवर. ते जुन्यांपेक्षा चपळ असतात, चटकन बिथरतात. एक छोटा कपॅसिटर जोडून पाहिला. किंचाळी खाली उतरली, थांबली नाही. अर्थिंगची जागा बदलली, स्पीकरची वायर बदलली. काही नाही. शेवटी जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो विचारला. पहिल्यांदा याच टेबलावर तो शहाण्यासारखा चालला होता, मग मधे बदललं काय?

उत्तर माहीत होतं, आणि ते मला नको होतं. बांबूची काडी घेऊन वेणीतल्या दोन वायरी जरा फाकवल्या. रेडिओ गप्प. काडी काढली, किंचाळी. सात-आठ वेळा केलं. आत येणारी नाजूक वायर आणि बाहेर जाणारी दांडगी वायर काकांच्या गाठींनी घट्ट शेजारी बसल्या होत्या. ॲम्प्लिफायर स्वतःचाच आवाज ऐकून तो पुन्हा मोठा करत होता. बनवणाऱ्याने वायरी विस्कटलेल्या ठेवल्या होत्या त्या मुद्दाम. पॅनेलमध्ये शोभतं ते इथे चालत नव्हतं, आणि हे दोरा हातात देताना मला कळायला हवं होतं.

वर्षभरात त्या हातांनी केलेलं हे एकच काम. ते चुकलं म्हणून सांगितलं तर काका पुन्हा कशालाही हात लावणार नाहीत, याची मला खात्री होती. मी फोन केला. "काका, एक कपॅसिटर खराब निघाला."

"बदललास? मंग घेऊन ये."

आता चार गाठी कापायच्या आणि झाकण लावायचं, इतकंच उरलं होतं. कटर हातात घेतला आणि खाली ठेवला. वेणी तशीच ठेवून, रेडिओ घेऊन सालवडला गेलो.

"काका, कपॅसिटर नव्हता. खोटं बोललो," म्हटलं आणि झाकण उघडून काडी त्यांच्या हातात दिली. मेनच्या विजेची बाजू झाकलेली होती, तरी मी बटणावर बोट ठेवून होतो. त्यांनी वायरींमध्ये काडी घातली. हात कापत होता, आणि त्याच्याबरोबर रेडिओ गप्प होत होता, किंचाळत होता, गप्प होत होता. माझ्याने बघवेना. काका मात्र मान तिरकी करून ऐकत होते, कारखान्यात पंपाचा आवाज ऐकायचे तसे.

"माज्याच गाठी," ते म्हणाले. मी कटर पुढे केला. "तुजा नको." त्यांनी सुनेला हाक मारली. "माजी हत्यारांची पेटी काड."

स्वतःच्या कटरने त्यांनी सगळ्या गाठी कापल्या. मग आत येणाऱ्या वायरींची वेगळी वेणी डाव्या बाजूने घातली, बाहेर जाणाऱ्यांची उजव्या. जेवायची वेळ टळून गेली. रेडिओ गप्प होता. अर्धा तास चालवून त्यांनी ॲम्प्लिफायरवर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"आता लिव," म्हणाले. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून मी दोष आणि कारण लिहिलं: वायरी एकत्र बांधल्या. खाली त्यांनी वेडीवाकडी सही केली. "आनि कपॅसिटरचं खोटं रीडिंग? त्ये पन लिव." तेही लिहिलं, खाली माझी सही केली.

सून हत्यारं आवरून पेटी माळ्यावर ठेवायला निघाली.

"ऱ्हाऊ दे ती खाली," काका म्हणाले.