मामेसासऱ्यांचं दोन किलोचं सिलिंडर

वाचकहो, विषय गंभीर आहे. घरातला गॅस नीट बंद आहे ना, हे एकदा आत जाऊन पाहून या आणि मगच पुढे वाचा. हिंगोली हे गाव आज जागच्या जागी उभं आहे. त्याचा हळदीचा बाजार, एस.टी. डेपो, रेल्वे स्टेशन यांतलं काहीही आकाशात उडून शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पडलं नाही. याचं श्रेय कुठल्याही सरकारला नाही आणि कुठल्याही देवालाही नाही. ते एकट्या माझ्या मामेसासऱ्यांना आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे, कारण ते मला खुद्द मामेसासऱ्यांनीच सांगितलं आहे.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जन्म हिंगोलीचा, पण उमेदीची तीस वर्षं तिकडे पुण्याकडे एका कारखान्यात गॅसच्या टाक्यांची ड्रॉइंगं काढण्यात गेली. हमरस्त्यावरून लांबलचक टँकर जातात ना, ज्यांच्या मागे आपला ड्रायव्हर उगाच जरा अंतर ठेवून चालवतो, तसल्या टाक्या. गॅस दाबून दाबून त्याचं पाणी करायचं, ते पोलादात कोंडायचं आणि शेकडो मैल धक्के खात न्यायचं, हा त्यांचा धंदा. दरवर्षी मागच्या वर्षीपेक्षा मोठी टाकी काढायची, कारण टाकी मोठी तर फेऱ्या कमी. "टाकीवाल्याची अक्कल फेऱ्यांवरून मोजतात, जावईबापू," ते सांगत. नव्वदच्या सुमारास ते मामींना घेऊन कायमचे हिंगोलीला आले. दोनच वर्षांत मामी गेल्या. मागे उरले मामा, दोन खोल्या आणि बाहेरच्या खोलीतला एक भलामोठा ड्रॉइंग बोर्ड. मी तेव्हा सिद्धेश्वर धरणावर पाटबंधारे खात्यात होतो. दर रविवारी आम्ही नवरा-बायको एस.टी.नं हिंगोलीला त्यांच्याकडे जेवायला यायचो.

माझ्या धरणाबद्दल मामांचं मत चांगलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना धरण दाखवायला नेलं तेव्हा भिंतीवर उभे राहून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वरून उघडंच ठेवलंय होय?" पुढे ते आल्यागेल्याला माझी ओळख "हे आमचे जावई, बिनझाकणाच्या टाकीवर असतात" अशी करून देत. त्यातून त्यांचा कोपऱ्यांवर राग. कोपरा आला की तिथं ताण साचतो आणि टाकी फुटली तर तिथूनच फुटते, म्हणून टाकीची टोकं घुमटासारखी गोल हवीत. हा नियम त्यांनी साऱ्या सृष्टीला लावला होता. तेलाचा चौकोनी डबा पाहिला की ते मान फिरवत. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला कलिंगडांचा ढीग दिसला की थांबून एखादं उचलत, दोन्ही टोकांवरून हात फिरवत आणि न घेताच परत ठेवत. कलिंगडवाला वैतागून म्हणायचा, "काका, घ्यायचं हाय का नुसतं कुरवाळायचंय?"

त्या काळात हिंगोलीत घरोघरी नवीन गॅस येत होता. कुणाकडे सिलिंडर आलं ही बातमी मामांना कशी कळायची देव जाणे, पण तासाभरात ते दाढीचा ब्रश आणि साबणाचा फेस भरलेली वाटी घेऊन त्या दारात हजर. सिलिंडरच्या तोंडाला, नळीला, शेगडीच्या सांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते उकिडवं बसून पाहायचं. समोरच्या अडत्यांच्या काकू पहिल्या खेपेला चांगल्याच दचकल्या. "काहून भाऊ, घरचा आरसा फुटला का? दाढी करायला आमच्या सैपाकघरात आलात," त्या म्हणाल्या. मामांनी ब्रश न थांबवता उत्तर दिलं, "वहिनी, एक बुडबुडा दिसला की समजायचं..." आणि ते थांबले. काकूंना पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. त्यांनी घाबरून चहा टाकला, तोही चुलीवर.

दुसरा नियम दीडपट. टाकीवर जेवढा दाब यायचा असेल त्याच्या दीडपट दाब आधी पाण्यानं द्यायचा, तसाच ठेवून वाट पाहायची आणि मगच ती पास करायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा माझ्यासाठी घातलेल्या बाजेवर तुरीची पोती झोपलेली होती. जावई पासष्ट किलोंचा, म्हणून पोती जवळपास शंभर किलोंची. मी उभाच. मामा हातातल्या घड्याळाकडे पाहत म्हणाले, "अजून वीस मिनिटं. तोवर तुम्ही जेवून घ्या." मग क्षणभर विचार करून, "पण बेतानं जेवा, नाहीतर पुन्हा टेस्ट घ्यावी लागेल."

पण सगळ्यांत कडक नियम पंधरा टक्क्यांचा. द्रवरूप गॅस टाकीत कधीही काठोकाठ भरायचा नाही. ऊन लागलं की तो फुगतो आणि फुगायला जागा नसेल तर पोलादही त्याला आवरत नाही. म्हणून शंभरात पंधरा भाग रिकामे ठेवायचे. मामांच्या घरातल्या प्रत्येक कपावर आतून तांबड्या रंगाची एक बारीक रेघ होती. चहा त्या रेघेच्या वर गेलेला मी कधी पाहिला नाही. त्यांची बॅग कधी गच्च नसे, ताट कधी भरलेलं नसे. पोस्टकार्डसुद्धा खालून दोन बोटं कोरं सोडून "कळावे" म्हणत. आणि बोलणं, जे मघाशी काकूंनी अनुभवलं, तेही पंचाऐंशी टक्क्यांवर थांबायचं. "हळदीचा भाव यंदा म्हणे..." थांबले. "तुझी आई लहानपणी फार..." थांबले. बायको सांगते, मामी होत्या तेव्हा कुणाला त्याचा पत्ताच लागला नाही, कारण उरलेले पंधरा टक्के मामी बोलायच्या. मामांनी सुरुवात करायची आणि मामींनी शेवट. ऐकणाऱ्याला वाक्य पुरं मिळायचं. मामी गेल्यावर ती वाक्यं तशीच उघडी राहू लागली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मामा पेन्सिलीनं एक नोंद ठेवत. सिलिंडर लावलं की एक रेघ, संपलं की मध्ये किती दिवस गेले तो आकडा. वरचे आकडे मामींच्या काळातले. बेचाळीस, एकोणचाळीस, दिवाळीच्या महिन्यात तेहतीस. नंतर एकदम शंभरावर उडी. त्याखाली एकशे अडतीस. त्याखाली दीडशेला दोन कमी. मी इंजिनिअर नसलो तरी पाटबंधारे खात्यातला माणूस आहे, साठा वाढला की आनंद मानायची सवय. म्हणून मी त्यांचं अभिनंदन केलं. "मामा, बचत म्हणावी तर ही." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि "हो, टिकतंय खरं..." एवढंच म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी बोर्डावर नवा कागद लागला. तीस वर्षं डोंगराएवढ्या टाक्या काढणारा माणूस एक लहानसं सिलिंडर काढत होता. दोन किलो गॅसचं. विचारलं तर म्हणाले, "तांड्यांसाठी. तिकडे रस्ता नाही, चौदा किलोचं कोण वाहून नेणार? बायका पाण्याची घागर नेतात तसं डोक्यावरून नेता आलं पाहिजे." म्हणून त्याच्या बुडाला त्यांनी कडं काढलं होतं, डोक्यावरच्या चुंबळीत बरोबर बसेल असं. दोन वर्षं ते त्यावर काम करत होते. पत्र्याची जाडी, टोकांची गोलाई, कडं, झडप, सगळं पुन्हा पुन्हा खोडून काढायचे. शेवटी एका लोहाराकडून त्याच मापाचा पत्र्याचा नमुना करून घेतला, वाळूनं बरोबर वजन भरलं आणि मला बरोबर घेऊन एस.टी.नं सेनगावकडच्या एका तांड्यावर गेले.

तिथल्या एका बाईनं आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नमुना उचलला, चुंबळ बाजूला ठेवली आणि तो एका हातात धरून दोन चकरा मारून आली. "बाबा, याला डोकं कशाला लागंल? ह्ये तर हातातच येऊन राहिलं," ती म्हणाली. "चांगलं हाय. पर आमी घरात अकरा जण. दोन दिसांत संपंल. मंग रोज कोन जाईल आनायला? जरा मोठं काहून न्हाई केलं?"

मला वाटलं, आता मामा परतल्याबरोबर खोडरबर काढतील. दीडपटवाले मामा, वापरणाऱ्यानं स्वतः सांगितलेली खोट मनावर घेतील. पण त्यांनी सिलिंडर एका सुतानंही वाढवलं नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. "मामा, ती बाई म्हणते ते खरं आहे, फेऱ्या फार होतील." ते नुसते "बघू" म्हणायचे आणि ब्रश-वाटी उचलून कुणाच्या तरी सांध्याला फेस लावायला निघायचे. तीही घरं आता कमी होत चालली होती. लोकांना गॅसची सवय झाली होती, काकू स्वतःच काडी ओढून शेगडी पेटवत होत्या. मामा दारात दिसले की, "मागच्या आठवड्यात पाहून गेलात की भाऊ, बराबर हाय समदं," असं म्हणून लोक त्यांना उंबऱ्यावरूनच हसून परत पाठवत.

तो कागद आज माझ्याकडे आहे. मामांच्या सांगण्यावरून मी तो त्यांच्या जुन्या कारखान्यात नेऊन दाखवला होता. तिथल्या तरुण इंजिनिअरनं तो टेबलावर पसरला, बराच वेळ वाकून पाहिला आणि आदरानं म्हणाला, ड्रॉइंगमध्ये एकही चूक नाही, असं हातानं काढणारी माणसं आता राहिली नाहीत. मग त्यानं विचारलं, पण एवढं लहान कशासाठी? मी "त्यांचा काहीतरी विचार असेल" म्हणून कागद गुंडाळला. मामा तेव्हा होते, पुढे सात-आठ वर्षं होते. कारखान्याचं काय झालं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या इंजिनिअरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत होतं. कारखान्यात जाण्यापूर्वीच ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

तेव्हा माझी नाशिकला बदली झाली होती आणि आम्ही मामांचा निरोप घ्यायला हिंगोलीला आलो होतो. म्हणजे आता रविवारचं येणं संपणार होतं. मामांनी स्वतः स्वयंपाक केला होता. जेवणं झाली, मला कारखान्यात न्यायचा म्हणून बायको बोर्डावरचा कागद काढत होती आणि तेवढ्यात दार वाजलं. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा होता. "काका, तुमचं टाकं सहा सहा म्हैने संपतच न्हाई. मी तर घर इसरून गल्लीत दोन चकरा मारल्या," तो हसत म्हणाला. त्यानं सिलिंडर बदललं, मामांनी फेस लावला, दोघांनी मिळून बुडबुडा नसल्याची खात्री केली. "चहा घे," मामा म्हणाले. "नको काका, अजून धा घरं हायेत," म्हणत त्यानं रिकामं सिलिंडर खांद्यावर घेतलं. मामा मात्र तोवर मघाशीच करून ठेवलेला चहा किटलीतून कपात ओतायला लागले होते. मी कपाकडे पाहत होतो. चहा तांबड्या रेघेपाशी आला, रेघेच्या वर गेला, काठाला लागला आणि बशीत सांडायला लागला, तरी मामा ओततच होते.

बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कागदावरची मापं वाचत होती. "मामा, पण हे फारच लहान आहे हो. तुमच्यासारख्या एकट्या माणसाचंसुद्धा तीन आठवड्यांत संपेल. दर तीन आठवड्यांनी गॅसवाल्याला दारात यावं लागेल."

तीस वर्षांची कारखान्यातली मराठी मामांच्या तोंडातून एकदम गेली. किटली हातात तशीच धरून, दारातल्या गॅसवाल्याकडे पाहत ते म्हणाले, "यावाच लागंल ना, माय. म्हणून तर बारकं काढलं."